पाठ केलेले इंग्रजी

अभियांत्रिकी झालेला मुलगा कंपनीच्या मुलाखतीतून रिकाम्या हाताने परतला, की घरातला न्यायनिवाडा तत्काळ होतो. मराठी शाळेत घातले, तेथेच चुकले! मग धाकटीचे नाव मराठी शाळेतून काढले जाते आणि थोरल्याची रवानगी इंग्रजी संभाषणाच्या क्लासात होते. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत दिला जाणारा हा निवाडा मला साफ अमान्य आहे.

इंग्रजीची गरज मी नाकारीत नाही. संगणक क्षेत्रातील बहुतेक लेखी व्यवहार इंग्रजीत चालतो आणि अमेरिकेतल्या ग्राहकाशी मराठीत बोलता येणार नाही. 2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीतूनही अभियांत्रिकी शिकविण्याची वाट मोकळी केली. तरी मुलाखतीत विचारणा होते ती इंग्रजीतच. परंतु क्लासात त्या इंग्रजीपैकी काय हाती लागते? 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' या प्रश्नाचे साचेबंद उत्तर. स्वतःचा दोष विचारला, तर 'आय ॲम अ परफेक्शनिस्ट' म्हणावे, ही शिकवण. (दोष विचारला असता आत्मस्तुती करण्याची ही युक्ती ज्याने शोधली, त्याच्या धाडसाला दाद द्यायला हवी!) अशी उत्तरे दिवसभर ऐकणारा परीक्षक पाठांतर चटकन ओळखतो आणि पाठात नसलेला प्रश्न टाकतो.

समजा, मुलाने शेवटच्या वर्षी विहिरीवरील मोटारीसाठी स्वयंचलित यंत्रणा केली आहे. 'द सेन्सर रीड्स द वॉटर लेव्हल. व्हेन द लेव्हल फॉल्स, द मोटर स्टॉप्स.' एवढ्या इंग्रजीसाठी इंग्रजी शाळा लागत नाही. मात्र 'सेन्सरच बिघडला तर?' असे विचारताच इंग्रजी माध्यमाचा मुलगाही अडखळतो. कारण आपले काम तोंडाने समजावून सांगण्याची सवय चार वर्षांत त्याला कोणी लावलेलीच नसते. प्रकल्प चौघांचा, अहवाल एकाने लिहिलेला, तोंडी परीक्षा काही मिनिटांत उरकलेली. संभाषणकौशल्य नावाचा विषय असतो खरा. पण संभाषणाचीसुद्धा उत्तरपत्रिका लिहून घेतली जाते!

कंपन्याही निर्दोष नाहीत. गटचर्चेत मोठ्याने बोलणारा पुढे सरकतो आणि काम जाणणारा अबोल मुलगा तांत्रिक फेरीपर्यंत पोचतच नाही. इन्फोसिससारखी कंपनी नव्याने घेतलेल्या अभियंत्यांना म्हैसूरच्या केंद्रात काही महिने प्रशिक्षण देते. प्रोग्रॅमिंग शिकविण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना इंग्रजी तेवढे शिकविणे जड का जावे?

तेव्हा क्लासचे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी एक करून पाहावे. मुलाने आपला प्रकल्प ओटीवर बसलेल्या आजोबांना घरच्या बोलीत समजावून सांगावा. आयुष्यभर वाडी शिंपलेले आजोबा परीक्षकापेक्षा कठीण प्रश्न विचारतील. वीज गेली तर? उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खारे झाले, तर तुझा सेन्सर टिकेल का? ती उत्तरे जमली, की तीच पुन्हा इंग्रजीत, लहान वाक्यांत, आरशासमोर नव्हे, माणसांसमोर द्यावीत.