ओळखक्रमांक म्हणजे ओळख नव्हे!

धनादेशावर खातेक्रमांक छापलेला असतो. तो कोणालाही वाचता येतो; पण केवळ तो सांगितला म्हणून बँक कोणाच्या हाती पैसे ठेवत नाही, ती स्वाक्षरी पडताळते. हा साधा नियम मोबाइल अ‍ॅपच्या जगात मात्र अनेकदा विसरला जातो.

अ‍ॅपमध्ये 'लॉग-इन' करणाऱ्या प्रत्येकास यंत्रणा एक ओळखक्रमांक देते. त्याचा पत्ता, बिले, व्यवहार त्याच क्रमांकाशी जोडलेले असतात. अनेक अ‍ॅप हा क्रमांक फोनमध्ये साठवतात आणि माहिती मागताना सर्व्हरकडे पाठवतात. गफलत होते ती येथेच. अ‍ॅपमध्ये फेरफार करून दुसऱ्याचा क्रमांक पाठविणे जाणकाराला अवघड नाही. सर्व्हरने तो निमूटपणे स्वीकारला, की परक्याची माहिती हाती पडते. म्हणूनच फोनकडून आलेल्या नुसत्या क्रमांकावर विसंबू नये, असे गुगलने विकासकांना बजावले आहे. लॉग-इनच्या वेळी मिळालेले, डिजिटल स्वाक्षरीचे 'टोकन' सर्व्हरने तपासावे आणि वापरकर्ता कोण, हे त्यावरूनच ठरवावे, हा त्यावरील मार्ग.

अशा चुकीची किंमत मोठी असते. अमेरिकेतील 'फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल' या कंपनीच्या संकेतस्थळावर दुव्यातील क्रमांक बदलताच इतरांची घरखरेदी व कर्जाची कागदपत्रे दिसत होती. सुमारे ८८.५ कोटी नोंदी अशा उघड्या असल्याचे २०१९ मध्ये निष्पन्न झाले. तेथे कुलूप तोडावे लागले नाही. दाराला कुलूपच नव्हते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षेची वाजवी तजवीज न करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; मात्र प्रमुख जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.

तथापि, दंडाची वेळ येते ती माहिती फुटल्यानंतर. पासवर्ड कितीही जपला, तरी सर्व्हरवरील ही त्रुटी वापरकर्त्यास दिसतही नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. ती जबाबदारी निर्विवादपणे अ‍ॅप चालविणाऱ्याची आहे. खातेक्रमांक ऐकून तिजोरी उघडणारी बँक ग्राहक खपवून घेणार नाहीत. अ‍ॅपला तरी ही सवलत का मिळावी?