चिमीचं बाळंतपण

बॉस, पुण्याहून यवतमाळला बदली झाली की लोक विचारतात, वीकेंडला करतोस काय? माझं उत्तर: बाळंतपण!

शेल्टरमध्ये गर्दी, म्हणून पोटुशी चिमी माझ्या भाड्याच्या वन बीएचकेत आली. कुत्रीचे दिवस साधारण 63. पण तारीख कुणाला ठाऊक? मग रोज दोनदा थर्मामीटर. एरवी 38-39 असणारं अंग 37 च्या आसपास उतरलं, की चोवीस तासांत पिल्लं.

शेजारच्या काकूंनी जुनं सुती लुगडं दिलं. वर दम, "तिले हात नोको लावू बाप्पा, तिचं तिले समजते." समजलंच. चार पिल्लांची नाळ तिनेच तोडली, चाटून मोकळी केली. पाचवं हलेना. डॉक्टर फोनवर: तोंडावरचा पडदा काढा, टॉवेलने चोळा. चोळत राहिलो. मग एक बारीकशी चूं! (अप्रेझल वगैरे सगळं फिकं, यार.)

आता खरा लोचा. 2023 चे नियम म्हणतात, नसबंदी करून कुत्रं जिथलं तिथे सोडा. पण चिमी एसटी स्टँडवरची, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टँड, शाळा, दवाखान्यांतून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नका असं बजावलं. म्हणजे पुन्हा शेल्टर, नाहीतर घर.

पाचही पिल्लांना घरं ठरलीत. चिमीसाठी एकही फोन नाही. रविवारी घरमालकांना चहाला बोलावलंय.