आधी औषध, मग तपासणी

लघवीला जळजळ, अंगात ताप. डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात. गुण येत नाही, तेव्हा गोळी बदलते, ‘जरा स्ट्राँग’ येते. तरीही ताप हटेना, मग चिठ्ठीवर येते युरिन कल्चर. कोणते औषध चालेल हे जंतूला विचारायचे, तेही दोन औषधे पोटात गेल्यावर! अशा नमुन्यातले जंतू अनेकदा अर्धमेले असतात, प्रयोगशाळेत उगवतच नाहीत, आणि रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’. रुग्णाला वाटते, जंतू गेले. डॉक्टरांना वाटते, कल्चरवर खर्च फुकट गेला.

ही चाचणी काही नवलाईची नाही. नमुन्यातले जंतू आधी एक दिवस वाढवायचे. मग बशीतल्या पोषक थरावर ते सारखे पसरून वर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची. चकतीभोवती जंतू न उगवलेले मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. ठरलेल्या मापाइतके भरले तर रिपोर्टात ‘एस’, म्हणजे औषध चालेल; फारच कमी भरले तर ‘आर’, म्हणजे चालणार नाही. बॉअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत 1966 मध्ये घालून दिली. अर्थात ती सर्वज्ञ नाही. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाचा रेणू मोठा. तो थरात नीट पसरत नाही, म्हणून त्याच्यासाठी चकतीवर विसंबून चालत नाही, द्रवात वेगळी चाचणी करावी लागते. कोलिस्टिनपुढे चकतीवरून ‘एस’ छापलेला दिसला, तर डॉक्टरांनी प्रयोगशाळेला फोन करायला हरकत नाही.

दोन दिवस थांबायला वेळ कुठे असतो, हा आक्षेप नेहमीचा. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या रुग्णाला थांबवून ठेवा असे कोणीच म्हणत नाही. तिथेही आधी रक्ताचा नमुना घ्यायचा आणि लगेच पहिला डोस द्यायचा. दोन दिवसांनी रिपोर्ट पाहून औषध कायम ठेवायचे, बदलायचे किंवा बंद करायचे. नमुना घ्यायला लागतात काही मिनिटे. आणि साध्या सर्दीला तर कल्चरही नको नि प्रतिजैविकही नको.

आधी तपासणी, मग औषध हे क्षयरोगाच्या बाबतीत आपण शिकलो, पण ठेच लागल्यावर. 2012 च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवल्याची बातमी गाजली. केंद्र सरकार तेव्हा रोगाच्या नावावरून वाद घालत बसले. आज मात्र थुंकीच्या नमुन्यावरून रिफाम्पिसिन चालेल की नाही हे यंत्र सुमारे दोन तासांत सांगते, आणि सरकारी कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. क्षयाचा जंतू संथ वाढणारा, त्याच्या कल्चरला आठवडे लागतात. त्याच्यासाठी हे जमले, तर लघवीच्या संसर्गातल्या, रात्रीत वाढणाऱ्या ई-कोलाय जंतूसाठी का जमू नये?

पण प्रतिजैविकांच्या बाबतीत आपला सगळा भर औषध दुकानाच्या गल्ल्यावर. अनेक प्रतिजैविके असलेल्या ‘एच-1’ यादीतल्या औषधांची दुकानदाराने स्वतंत्र वहीत नोंद ठेवण्याचा नियम मार्च 2014 पासून लागू आहे. वही हवीच. पण चिठ्ठीच अंदाजाने लिहिलेली असेल, तर वहीत अंदाजाचीच नोंद होणार.

प्रत्येक रुग्णाचे कल्चर शक्य नाही, हे खरे. पण वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत रोज ‘एस’ आणि ‘आर’ छापले जातातच. ते वर्षाकाठी एकत्र केले की आपल्या भागात कोणत्या जंतूवर कोणते औषध किती वेळा चालले, याचा तक्ता तयार होतो. त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. केरळने राज्याचा असा तक्ता प्रसिद्ध केला आहे. महाराष्ट्राने जिल्हावार तक्ते काढावेत आणि ते महाविद्यालयाच्या फायलीत न ठेवता तालुक्यातल्या खासगी डॉक्टरांपर्यंत दरवर्षी पोचवावेत. लघवीच्या संसर्गावर पहिली चिठ्ठी तिथेच लिहिली जाते.