दंतवैद्याचे घर आणि आपल्या छपऱ्या

जपानच्या सेतो अंतर्समुद्रात नाओशिमा नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील होन्मुरा या जुन्या वस्तीतील एक घर 'हाइशा' या नावाने ओळखले जाते. हाइशा म्हणजे दंतवैद्य. एके काळी तेथे एका दंतवैद्याचे बिऱ्हाड होते व दवाखानाही होता. २००६ साली शिनरो ओताके या चित्रकाराने ते अख्खे घरच कलाकृती करून टाकले. भंगारातल्या वस्तू त्याच्या अंगावर चढवल्या आणि आत चक्क स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभा केला. दवाखान्यातील मोडकी खुर्चीसुद्धा टाकवत नाही म्हणून ज्यांनी ती माळ्यावर ठेवली आहे, अशा आपल्यातील व्यवसायबंधूंना यातून धीर येण्यास हरकत नाही.

या उपक्रमाला तेथे 'इए प्रोजेक्ट', म्हणजे घरांचा प्रकल्प, असे म्हणतात. त्याचा आरंभ १९९८ साली 'काडोया' या सुमारे दोनशे वर्षांच्या घरापासून झाला. घराची डागडुजी झाली आणि आतल्या काळोखात, उथळ पाण्यात, तात्सुओ मियाजिमा यांनी १२५ अंकदर्शक दिवे मांडले. प्रत्येकावर एक ते नऊ हे आकडे फिरत राहतात. शून्य कधीच उमटत नाही. अतिदक्षता विभागातील पडद्यांकडे पाहण्यात आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांना त्या न उमटणाऱ्या शून्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. मात्र मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. कोणता दिवा किती वेगाने धावेल, हे मियाजिमांनी ठरवले नाही. ते गावातल्या १२५ माणसांनी ठरवले. त्यांत पाच वर्षांचे मूल होते आणि पंच्याण्णव वर्षांची वृद्ध व्यक्तीही होती. घर त्यांच्या गल्लीतले आणि आतला काळही त्यांचाच!

त्याच वस्तीत 'गोकाइशो' नावाचे आणखी एक घर आहे. तेथे योशिहिरो सुदा यांनी लाकडातून कोरलेली कॅमेलियाची फुले जमिनीवर पडल्यासारखी ठेवली आहेत आणि बाहेरच्या बागेत खऱ्या कॅमेलियाचे झाड लावलेले आहे. हे कारागिराचे काम की कलावंताचे, हा वाद तेथे कोणी घालत नसावे.

हे सारे बैहरमध्ये बसून का सांगावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. नाओशिमा काही केवळ निसर्गरम्य बेट नव्हे. १९१७ पासून तेथे तांबे वितळवण्याचा कारखाना आहे. जवळच्या इनुजिमा बेटावरचा तांबे शुद्धीकरणाचा कारखाना १९०९ साली सुरू झाला, दहा वर्षांत बंद पडला आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे भग्नावस्थेत राहिला. २००८ साली त्याच धुराड्यांच्या आधाराने तेथे कलासंग्रहालय उभे राहिले. मलाजखंडच्या तांब्याशी आपल्या भागाचे नशीब १९८२ पासून जोडले गेले आहे. खनिज निघते, पैसा येतो, धूळ येते, माणसे येतात आणि जातात. मागे राहते ती वस्ती. तेव्हा तांब्याच्या गावात राहणे म्हणजे काय, हे त्या बेटवासीयांना आपल्याइतकेच ठाऊक आहे.

आणि ओस पडणारी घरे! जपानच्या २०२३ च्या गणनेत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. आपली गणना कोणी केलेली नाही. पण नागपूर मध्यप्रांताची राजधानी असताना ज्या मराठी कुटुंबांनी या भागात कवेलूंची प्रशस्त घरे बांधली, त्यांची नातवंडे आज पुण्यात, बंगळुरूत अथवा साता समुद्रापार आहेत. घराला कुलूप असते आणि छपरीत कोणाची तरी गाय बसते.

जपानी उदाहरणाकडे मी आंधळ्या कौतुकाने पाहत नाही. कलेमागे पर्यटक येतो आणि पर्यटकामागे भाडेवाढ. क्योतोच्या गिओन वस्तीतील रहिवाशांनी २०२४ साली आपल्या खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या, कारण गेइशांचा पाठलाग करून छायाचित्रे घेणाऱ्यांनी उच्छाद मांडला होता. वस्तीच प्रदर्शनात मांडली गेली, की वस्तीतला माणूस काचेच्या पेटीत जातो. आपल्याकडे हा धोका दुपटीने आहे. कान्हाच्या मुक्की दरवाज्याकडे येणाऱ्या पाहुण्यांसमोर बैगा बांधवांना पिसे लावून नाचवण्याची प्रथा कोणाला कलाप्रसार वाटत असेल. मला ती वाटत नाही. तेथील निवासगृहांच्या भिंतींवर गोंड चित्रे असतात, पाहुणा ती पाहतो, आणि बैहरच्या बाजारातून मोटारीच्या काचा वर करून निघून जातो.

म्हणून माझ्या दृष्टीने कसोटी एकच: यजमान कोण? कलावंत आणि वस्तीतला माणूस यजमान असेल तर प्रदर्शन जिवंत राहते. तो नुसता पाहुणा किंवा नुसती वस्तू झाला, की त्यात कुठेतरी काळोख शिरतो. या काळोखाचे एक उदाहरण आपल्याच परिसरातले आहे आणि त्याचा शेवट जपानमध्ये झाला, म्हणून ते टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

जनगढसिंह श्याम हे पाटनगढचे. ते गाव आज डिंडोरी जिल्ह्यात आहे. १९९८ पूर्वी तो मंडला जिल्ह्याचाच भाग होता. बाना वाजवून गोंडांच्या वंशकथा गाणाऱ्या परधान समाजातला हा तरुण. १९८१ च्या सुमारास जगदीश स्वामीनाथन यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची भिंतीवरची चित्रे पाहिली आणि त्यांना भोपाळला आणले. पुढच्याच वर्षी उघडलेल्या भारत भवनात त्यांचे काम लोकांसमोर आले. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ते होते. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवर त्यांची चित्रे आहेत. आज ज्याला सारे जग गोंड चित्रकला म्हणते, तिचा हात प्रथम कागदावर आणि कॅनव्हासवर वळला तो त्यांचा. २००१ च्या जुलै महिन्यात, ऐन चाळिशीत, जपानच्या निइगाता प्रांतातील तोकामाची येथल्या मिथिला संग्रहालयात कामासाठी गेले असता त्यांनी आपले जीवन संपवले. ते संग्रहालय डोंगरातल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत आहे.

त्या मृत्यूचे निदान मी येथे बसून करणार नाही. रुग्णाला न तपासता निदान करू नये, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेले असते. परंतु दूर देश, न कळणारी भाषा, घरापासून लांबलेला मुक्काम आणि रोज चित्रे काढण्याचे काम, या गोष्टी एकत्र येतात तेव्हा मनावर काय भार पडतो, हे नागपूर-हैदराबादहून मजुरी करून परतणाऱ्या आपल्या रुग्णांकडून आपण ऐकतो. दैवदुर्विलास असा की, जेथे ते गेले त्याच तोकामाचीच्या परिसरात एक वर्ष आधी, २००० साली, एचिगो-त्सुमारी त्रैवार्षिक कलामेळा सुरू झाला होता. फ्राम कितागावा यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या उपक्रमात ओस घरे, बंद शाळा, भातखाचरे ही कलेची जागा झाली आणि गावातले वृद्ध शेतकरी कलावंतांबरोबर काम करू लागले. एकाच दरीत यजमानपणाचे हे दोन निरनिराळे चेहरे.

याच्या उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. २०१३ साली डहाणू तालुक्यातील गंजाड येथे, म्हणजे जिव्या सोमा मशे यांच्या गावी, जपानी आणि भारतीय कलावंत येऊन शाळेच्या भिंतींवर चित्रे काढून गेले. तेथे पाहुणे ते होते आणि वारली यजमान होते. मला ही रीत अधिक निकोप वाटते.

आता आपल्याविषयी. आपण वैद्यकीय व्यावसायिक या परिसरातील कारागिरांना ओळखतो ते त्यांच्या व्याधींवरून. वारासिवनीचा विणकर म्हटले की आपल्याला खड्डामागावर तासन्‌तास बसून धरलेली कंबर आठवते. बांबूच्या टोपल्या विणणारी बाई म्हटली की कामटीने चिरलेले, पिकलेले बोट. हात आपण पाहिला, हाताचे काम पाहिलेच नाही. वारासिवनीच्या हातमाग साडीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही वार्ता आपल्यापैकी किती घरांत पोहोचली? आपल्या समारंभांच्या साड्या नागपूरच्या दुकानांतून येतात, हे सर्वांस ठाऊक आहे.

माझी सूचना लहान आहे. दिवाळीनंतर आपल्या भागात मंडया भरतात, माणसांची ये-जा वाढते. त्या दिवसांत आठवडाभर आपल्यापैकी ज्यांची जुनी घरे आहेत त्यांनी छपरी मोकळी करून द्यावी. एका छपरीत वारासिवनीची कापडे, दुसरीत बांबूची सुपे, टोपल्या आणि मासे धरायचे सापळे, तिसरीत चित्रे. किंमत करणाऱ्याने ठरवावी. त्याने तेथे बसायचे की नाही, हेही त्यानेच ठरवावे. उद्घाटन, हारतुरे, दीपप्रज्वलन काही नको. आणि कृपा करून त्याला जोडून मोफत तपासणी शिबिर भरवू नये! सवयीने आपला हात स्टेथॉस्कोपकडे जाईल, तो आठवडाभर आवरावा. एकदा आपण नुसते प्रेक्षक होऊन पाहू.

खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी स्वस्त तोडगा आहे. ओकायामा प्रांत आपल्याला सर्वस्वी परका नाही; पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान तेथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवले आहे. त्याच प्रांतात कात्सुयामा नावाचे जुने गाव आहे. तेथे हमरस्त्यालगतच्या घरांच्या आणि दुकानांच्या दारांवर रंगवलेल्या कापडाचे अर्धे पडदे, ज्यांना 'नोरेन' म्हणतात, लावलेले असतात, आणि प्रत्येकावरचे चित्र त्या घराच्या व्यवसायाला साजेसे असते. संग्रहालय नाही, तिकीट नाही. रस्त्याने चालत जाणे हेच प्रदर्शन पाहणे.

वारासिवनीच्या मागावर असा पडदा सहज विणता येईल. माझ्या दवाखान्याचे दार साडेतीन फूट रुंद आहे. माप घेऊन ठेवले आहे. त्यावर काय असावे हे मी सांगणार नाही, विणकराने ठरवावे. फक्त कापड जाडसर हवे, कारण उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर मलाजखंडच्या ट्रकांची धूळ फार येते.