खोड, खोडी आणि खोडसाळ

काय मुलांनो, आज किती खोड्या केल्या? मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत ना? मग आज या शब्दाकडेच जरा नीट बघू या.

आधी ‘खोड’ घेऊ. झाडाचं असतं ते खोड. पण ‘ती खोड’ म्हटलं, की झाड गेलं आणि माणूस आला! नखं कुरतडणं, मोठी माणसं बोलत असताना मध्येच तोंड घालणं, या झाल्या खोडी, म्हणजे वाईट सवयी. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण तुम्ही आजीकडून ऐकली असेलच.

‘खोडी’ ही सवय नव्हे, ती एक करामत! पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी ओढायची आणि पुस्तकात डोकं खुपसून बसायचं, ही झाली खोडी. आता गंमत बघा. खोड्या एकट्यालाही ‘करता’ येतात. खोडी मात्र कुणाची तरी ‘काढावी’ लागते. म्हणून तर भांडण झालं, की बाई पहिला प्रश्न विचारतात, “आधी खोडी कुणी काढली?”

खोड्या करणारा तो खोडकर. आपला कान्हाही खोडकरच! गवळणी यशोदेकडे गाऱ्हाणी घेऊन येत, तरी त्यांना तो हवाच असे. या शब्दाला भावंडंही पुष्कळ आहेत: खट्याळ, द्वाड, वांड, व्रात्य, मस्तीखोर. ‘व्रात्य’ हा संस्कृत शब्द. ज्याची मुंज वेळेवर झाली नाही त्याला जुन्या ग्रंथांत व्रात्य म्हटलं आहे. ‘मस्ती’ आली फारसीतून. तिथे ‘मस्त’ म्हणजे नशेत असलेला. आणि आपण खुशाल भेळेलाही मस्त म्हणतो!

‘खोडसाळ’ हा शब्द मात्र जपून वापरा हं. खोडकर म्हणताना ओठांवर हसू असतं, खोडसाळ म्हणताना कपाळावर आठी. दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून मुद्दाम केलेलं ते खोडसाळ. वर्तमानपत्रात ‘खोडसाळ अफवा’ असं छापतात, ते यामुळेच.

काही खोड्या तर मनात वाईट नसतानाही महागात पडतात. कुणी बसत असताना मागून खुर्ची ओढली, तर त्याच्या मणक्याला इजा होऊ शकते. ११२ क्रमांकावर गंमत म्हणून फोन केला, तर तेवढा वेळ खऱ्या संकटातल्या माणसाचा जातो. विनाकारण आगगाडीची साखळी ओढली, तर १९८९च्या रेल्वे कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

मग ओळखायचं कसं? सोपं आहे. ज्याची खोडी काढली, तोही शेवटी हसला, तर ती गंमत. तो रडला आणि आपणच हसलो, तर ती गंमत नव्हे. अशा वेळी आपणहून जाऊन ‘चुकलं’ म्हणावं.

आई-बाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. मुलाने खोडी केली, तर त्या खोडीबद्दल जरूर बोला. पण पाहुण्यांसमोर ‘आमचा आहेच असा खोडकर’ हे पुन:पुन्हा म्हणू नका. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटू लागतं आणि खोडीची खोड होऊन बसते.

आता गृहपाठ. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या गावी खोडकर मुलाला काय म्हणत? मिळालेले शब्द वहीत लिहा. आणि तुमच्या कंपासपेटीतल्या ‘खोडरबरा’तलं खोड यांपैकी कोणतं, तेही शोधा. एकच सांगते, ते झाडाचंही नाही आणि सवयीचंही नाही!