रहिवास कोणाचा, पुरावा कोणी द्यायचा?

'मुलकी' आणि 'गैरमुलकी' हे दोन शब्द मराठवाड्यातील जुन्या पिढीला समजावून सांगावे लागत नसत. निजामाच्या राज्यात सरकारी चाकरीसाठी मुलकी असणे आवश्यक होते, आणि बाहेरून आलेल्याला तो दर्जा हवा असेल तर पंधरा वर्षांच्या कायम वास्तव्याचा पुरावा द्यावा लागे. ते राज्य गेले. पंधरा वर्षांची अट मात्र अधिवासाच्या दाखल्याच्या रूपाने महाराष्ट्रात आजही भेटते. अमुक माणूस इथला आहे काय, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही राजवटीने सोडलेला नाही. आणि उत्तर देण्याचे ओझे मात्र ज्याला विचारले त्याच्याच डोक्यावर राहिले आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिक आणि आप्रवास यांसंबंधीचा नवा केंद्रीय कायदा लागू झाल्यानंतर हे ओझे हलके होण्याऐवजी अधिकच पक्के झाले आहे.

व्हिसा, परदेशी नागरिकांची नोंदणी, कुटुंबाचे स्थलांतर हे विषय वसमतसारख्या तालुक्याच्या गावी परके वाटतात. हळदीचा भाव, उसाचे बिल, विजेचा खेळखंडोबा हे कार्यकर्त्यांचे नित्याचे प्रश्न. व्हिसा हा मुंबईच्या विमानतळावरचा प्रश्न, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज इतिहासाला धरून नाही.

१९४७-४८ मध्ये या तालुक्याभोवतीच्या प्रदेशातून माणसांचे दोन लोंढे बाहेर पडले. वसमत तेव्हा निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होते. उत्तरेला पैनगंगा ही निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची सीमा होती. रझाकारांच्या अत्याचारांना कंटाळलेली असंख्य कुटुंबे घरदार टाकून सीमेपलीकडे गेली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती परतली. त्यांच्या परतण्याला कोणी परवाना मागितला नाही, आणि तो मागू नये हेच योग्य होते. दुसरा लोंढा पोलीस कारवाईनंतरचा. त्या वेळच्या सूडाच्या हिंसेची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत वसमतला लागून असलेल्या नांदेडचा समावेश तिने केला आणि संस्थानभरातील मृतांची संख्या किमान सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा अंदाज नोंदवला. हा अहवाल सहा दशकांहून अधिक काळ दडपून ठेवण्यात आला. भयाने, नातलगांच्या ओढीने किंवा नोकरीच्या आशेने संस्थानातील अनेक मुसलमान कुटुंबे त्या काळात पाकिस्तानात गेली. कराचीतील 'हैदराबाद कॉलनी' हे नावच त्याची साक्ष देते. भाऊ तिकडे आणि बहीण इकडे, अशी घरे फुटली ती तेव्हा.

या दुसऱ्या लोंढ्यातील माणसांना परत यावेसे वाटले तेव्हा मात्र कायदा आडवा आला. पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परवान्याची सक्ती १९ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्या दिवशी हैदराबाद संस्थान भारतात सामीलही झालेले नव्हते! घटनेच्या सातव्या अनुच्छेदाने असे ठरवले की, १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक नाही. कायम वास्तव्याच्या परवान्यावर परतलेल्यांचाच काय तो अपवाद. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारमधील एका स्त्रीचे प्रकरण आले. पती भारतात, पतीचा अधिवास भारतात. परंतु ती कराचीला गेली होती. पतीच्या अधिवासामुळे पत्नीचे नागरिकत्व वाचत नाही, असा निर्णय झाला. १९६२ साली आणखी एक मुद्दा पक्का झाला. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणे हा त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा होय, हा नियम न्यायालयाने वैध ठरवला. १९५२ पासून दोन्ही देशांमध्ये पासपोर्टची पद्धत आली होती. तिकडे अडकलेल्याला आईला भेटायला यायचे तर पाकिस्तानी पासपोर्टखेरीज दुसरा मार्गच उरला नव्हता. घरी येण्यासाठी घेतलेला कागद हाच त्याने घर सोडल्याचा पुरावा ठरला. १९६५ मध्ये न्यायालयाने एवढी सवलत दिली की, पासपोर्ट दडपणाखाली घ्यावा लागला असे म्हणणाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे.

हा इतिहास झाला. वर्तमानाचे काय? समजा, वसमतच्या एखाद्या घरातील मुलाचा विवाह कराचीतील चुलत्याच्या मुलीशी झाला. दोन्ही देशांनी सप्टेंबर २०१२ मध्ये केलेल्या व्हिसा करारानुसार पाहुण्याला संपूर्ण देशाचा व्हिसा मिळत नसे. नेमून दिलेल्या पाच गावांपुरताच तो मिळे. म्हणजे वसमतचे नाव व्हिसावर असेल तर वसमत, आणि नांदेडच्या इस्पितळाचे काम निघाले तर नांदेडचेही नाव आधीच लिहिलेले हवे. आल्यावर पोलिसांत वर्दी द्यायची आणि जातानाही द्यायची. कराचीतील भारतीय वकिलात १९९४ मध्येच बंद झाली. त्यामुळे अर्जासाठी इस्लामाबादकडे पाहणे आले. समझोता एक्सप्रेस आणि थर एक्सप्रेस या दोन्ही गाड्या ऑगस्ट २०१९ पासून बंद आहेत.

विवाह करून इथेच राहू इच्छिणाऱ्या स्त्रीसाठी 'दीर्घ मुदतीचा व्हिसा' ही तरतूद आहे. भारतीय नागरिकाशी विवाह केलेली पाकिस्तानी स्त्री त्यास पात्र आहे. मूळची भारतीय, पण विवाहामुळे पाकिस्तानी झालेली आणि वैधव्य किंवा घटस्फोटानंतर तिकडे आधार नसल्याने माहेरी परतलेली स्त्रीही पात्र आहे. नागरिकाच्या पत्नीला १९५५ च्या नागरिकत्व कायद्यान्वये नोंदणीने नागरिकत्व मागता येते. त्यासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते: अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे. विवाह झाला म्हणजे नागरिकत्व आपोआप मिळते, हा समज साफ चुकीचा आहे आणि तो कार्यकर्त्यांनी आधी दूर केला पाहिजे.

खरी मेख पुढे आहे. व्हिसाची मुदत उलटूनही जो देशात राहतो तो कायद्याच्या व्याख्येनुसार 'बेकायदा स्थलांतरित' ठरतो, आणि बेकायदा स्थलांतरिताला नोंदणीने नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे सहाव्या वर्षी मुदतवाढ चुकली, तर आधीची पाच वर्षेही पाण्यात जाऊ शकतात. एवढ्यावर हे थांबत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघेही नागरिक असतील, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तरच ते मूल जन्माने नागरिक ठरते. बाप वसमतचा, आजा वसमतचा, मूल वसमतच्या दवाखान्यात जन्मलेले. पण जन्माच्या दिवशी आईच्या व्हिसाची मुदत उलटून गेलेली असेल, तर ते मूल जन्माने भारताचे नागरिक नाही! पाळण्यातल्या मुलाचे भवितव्य एका रबरी शिक्क्याच्या तारखेवर टांगणारा हा कायदा कोणत्या न्यायबुद्धीने केला गेला?

आणि हाच कायदा सर्वांना सारखा लागू आहे असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना बेकायदा स्थलांतरित या व्याख्येतून वगळले. सातव्या धर्माला वगळले नाही. छळाने पळून आलेल्या हिंदू किंवा शीख कुटुंबाला आसरा मिळावा, याबद्दल कोणत्याही समाजवाद्याचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, मुदतीच्या त्याच चुकीसाठी एका घरातील सुनेला क्षमा आणि दुसऱ्या घरातील सुनेला हद्दपारीची भीती, हा भेद समतेच्या घटनेत कसा बसतो?

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची निर्घृण हत्या झाली. त्या कृत्याचा निषेध निःसंदिग्ध शब्दांतच झाला पाहिजे. त्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. वैद्यकीय व्हिसांना २९ एप्रिलपर्यंतची मुदत दिली. दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले गेले खरे, पण ज्यांचे अर्ज कचेरीत पडून होते त्यांच्या मनाचा थरकाप कोणी मोजला? अटारीच्या नाक्यावर आईचा पासपोर्ट भारतीय आणि लेकरांचा पाकिस्तानी, म्हणून मायलेकरांची ताटातूट झाल्याचे सर्व देशाने पाहिले. मे महिन्याच्या आरंभी काश्मीरमधील एका कुटुंबाची पाठवणी सर्वोच्च न्यायालयाला थांबवावी लागली. आपल्याजवळ भारतीय पासपोर्ट आहेत, असे ते कुटुंब सांगत होते. कागद तपासण्यापूर्वीच माणसे सीमेकडे निघाली होती, असाच याचा अर्थ.

सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. परक्या देशातून येणाऱ्या व्यक्तीची चौकशी करण्याचा राज्यसंस्थेला अधिकार आहे. पण चौकशी व्यक्तीची व्हावी, तिला मुदत असावी आणि तिचा निर्णय लेखी मिळावा. दहा वर्षे नांदलेल्या आणि तीन मुलांची आई असलेल्या स्त्रीकडून देशाला धोका असेल, तर तो सिद्ध करण्याचे काम सरकारचे आहे. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात, आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच टाकलेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सावलीत गोऱ्या सरकारने केलेले ते कलम होते. २०२५ च्या कायद्याने जुने चार कायदे रद्द केले. ही तरतूद तेवढी जपून ठेवली.

याची झळ केवळ सीमेपलीकडून आलेल्या सुनांना लागणार, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. जून २०२५ मध्ये मुंबईच्या परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकलण्यात आले, आणि ते भारतीयच असल्याचे पटल्यावर त्यांना परत आणावे लागले. आज बंगाली मजूर, उद्या कोण? मराठवाड्यातील ऊसतोड कामगार वर्षातील पाच-सहा महिने गावाबाहेर, कोप्यांत काढतो. मुले फडावर जन्मतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखल्यालाच मान आहे. फडावर जन्मलेल्या मुलाचा दाखला कोणत्या ग्रामपंचायतीत शोधायचा?

जुन्या पिढीच्या कागदांची तर वेगळीच कथा. निजामी अमदानीचे दस्त उर्दूत, काही मोडीत. गावाचे नावही एक नाही: जुन्या कागदांत आणि रेल्वेच्या फलकावर 'बसमत', महसुली दप्तरात 'वसमत', जिल्हा एकेकाळी परभणी आणि १ मे १९९९ पासून हिंगोली. ज्याच्यापाशी वकील आहे तो या विसंगती प्रतिज्ञापत्राने मिटवतो. ज्याच्यापाशी नाही, त्याच्या बाबतीत हीच विसंगती संशयाचे कारण ठरते. कागदांची कसोटी धर्माच्या नावाने सुरू होते आणि अखेर गरिबीवर येऊन थांबते, ती अशी.

येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांनाही एक कठोर प्रश्न विचारला पाहिजे. अशी कुटुंबे थोडी, त्यांची मते थोडी, आणि त्यांची बाजू घेणाऱ्यावर देशद्रोहाचा शिक्का बसायला वेळ लागत नाही; म्हणून या विषयावर मौन पाळले जाते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी असे मौन पाळले नव्हते. १९६४ च्या एप्रिलमध्ये, भिन्न विचारांच्या दीनदयाळ उपाध्याय यांच्यासमवेत त्यांनी भारत-पाक महासंघाचा पुरस्कार करणारे निवेदन काढले. अवघ्या दीड वर्षात दोन्ही देश युद्धात उतरले. तरीही त्या विचाराची निकड कमी झाली नाही. महासंघ आज दूर आहे. निदान नवरा-बायको आणि माय-लेकरे यांना एका छपराखाली राहू देण्याइतका शहाणपणा तरी दूर असू नये.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या आणि मुदतवाढीच्या अर्जावर ठराविक दिवसांत लेखी निर्णय मिळावा; अर्ज वेळेत दाखल असेल तर निर्णय होईपर्यंतचे वास्तव्य कायदेशीर आहे असे कायद्यातच लिहावे. भारतीय बापाच्या किंवा आईच्या पोटी इथे जन्मलेले मूल, दुसऱ्या पालकाचा व्हिसा काहीही असो, नागरिक मानले जावे. बेकायदा स्थलांतरिताच्या व्याख्येतील धर्मभेद जावा. आणि परदेशी असल्याचा आरोप करणाऱ्यावरच तो सिद्ध करण्याची जबाबदारी असावी.

हे होईपर्यंत तालुक्याच्या पातळीवर करता येण्याजोगे कामही थोडेथोडके नाही. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असतात. त्यांच्या कचेरीत अशा स्त्रीसोबत एखादा कार्यकर्ता गेला, अर्जाची पोच मागून घेतली आणि मुदत संपण्याची तारीख तीन महिने आधी घरच्यांच्या ध्यानात आणून दिली, तर एखादा संसार वाचू शकतो. ऊसतोड कामगार गावी परतण्याच्या हंगामात पक्षाच्या शाखांनी मुलांच्या जन्मनोंदी तपासण्याची शिबिरे घ्यावीत. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे या भागात अजून आहेत. ती आहेत तोवर जुन्या दस्तांची भाषांतरे करून घ्यावीत. या कामात प्रसिद्धी नाही आणि मतेही फारशी नाहीत. तरीही ते याच वर्षी हाती घेतले पाहिजे.