ई-सिम आणि स्वस्त कंपनी



गेल्या पावसाळ्यात फवारणीच्या वेळी आमच्या एका शेतकऱ्याचा फोन पाण्याच्या टिपाडात पडला. काढला तो मेलेलाच. त्याच दिवशी शेतकरी ओळख क्रमांकासाठी त्याच्या नंबरावर ओटीपी यायचा होता. गड्याने कार्ड काढले, टॉवेलाला पुसले, कारभारणीच्या बटनाच्या फोनात घातले आणि दुपारी सेवा केंद्रात काम उरकून आला. कॉलेजात जाणारा त्याचा मुलगा मला म्हणाला, "साहेब, ई-सिम असतं तर आज आपली गंमत झाली असती."

पोराचे खरे आहे. ई-सिम म्हणजे कार्ड नसलेले सिम. फोनात एक चिप कायमची बसवलेली असते आणि कंपनी तिच्यात आपला नंबर इंटरनेटवरून उतरवते. फोनच मेला तर त्यातून काढण्यासारखे हाती काही उरत नाही. पुन्हा कंपनीकडे जा, ओळख पटवा, आणि ई-सिमच परत हवे असेल तर दुसरा फोनही ई-सिम चालणाराच हवा. दहा-बारा हजारांच्या बहुतेक फोनांत ती सोय नसते. म्हणून आपल्याकडे कार्ड राहिलेच पाहिजे, हे मी आधीच सांगून टाकतो.

मग स्वस्तात सेवा देणाऱ्या कंपनीने ई-सिमचा खटाटोप कशाला करावा? पूर्वी मीही असेच म्हणत असे. आता म्हणत नाही. ॲपलने २०२२ साली अमेरिकेत कार्डाची खाचच नसलेले फोन काढले. २०२५ चा आयफोन एअर आपल्या देशातही तसाच आला. तो फोन आपण घेणार नाही, हे मलाही कळते. पण आज महागड्या फोनात आलेली गोष्ट काही वर्षांनी साध्या फोनात येते, आणि पुण्या-मुंबईच्या पोराचा जुना फोन शेवटी गावी बापाकडेच येतो. त्या दिवशी स्वस्त कंपनीकडे ई-सिम नसेल, तर आपल्याला महाग कंपनीच्या दारात उभे राहावे लागेल. बड्या कंपन्यांनी ही सोय केव्हाच दिली. बी.एस.एन.एल.नेही २०२५ साली ती सुरू केली, हे मला बरे वाटले.

शिवाय घरी एका कंपनीची रेंज आणि मळ्यात दुसरीची, हा आपला रोजचा अनुभव. काही फोनांत दुसरे सिम घालायचे तर मेमरी कार्ड काढावे लागते. तिथे ई-सिम कामाला येते.

विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरचाही विचार करा. पेटीत ओल धरते, मुंग्या होतात, पाल शिरते. कार्डाची खाच गंजली की रात्री बॅटरी घेऊन मोटारीवर जाणे आलेच. पक्क्या बसवलेल्या चिपेला हा त्रास कमी. मात्र घेताना दुकानदाराला विचारा की आत कोणत्या कंपनीचे सिम आहे आणि पुढे कंपनी बदलता येईल का. तुमच्या ओढ्यात त्या कंपनीची रेंज नसेल, तर पेटी भिंतीवर नुसती शोभेला राहील.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कार्डाचे ई-सिम केले की पहिले २४ तास त्या नंबरावर एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. तेव्हा पीकविम्याची शेवटची तारीख तोंडावर असताना हा उद्योग करू नका.

दुसरे असे की, "तुमचे सिम बंद होणार, ई-सिम करून देतो," असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या. त्यांनी पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवून तुम्ही होकार दिलात की तुमचे कार्ड मुके होते, आणि तुमचे ओटीपी त्या भामट्याच्या फोनात पडू लागतात. असे काही घडल्यावर अचानक रेंज गेली, तर टॉवर बिघडला असेल म्हणून बसून राहू नका. शेजाऱ्याच्या फोनावरून आधी बँकेला, मग कंपनीला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरावर ताबडतोब तक्रार नोंदवा.

टिपाडवाल्या आमच्या शेतकऱ्याने कार्डच ठेवले आहे. पोराने मात्र आपल्या फोनात ई-सिम घेतले, आणि बापाचा नवा फोन आता दोरीने गळ्यात असतो.